चिंचोका परत पिशवीत

त्या गुरुवारी वत्सलाबाई शाळेचे दोन जिने चढून वर आल्या आणि प्रयोगशाळेत शिरण्याआधी बाहेरच्या सूचनाफलकापाशी थांबल्या. फलकावर नवीन काहीच नव्हतं. गणपतीच्या सुट्टीची जुनी सूचना होती, तीही एका टाचणीवर लोंबकळत होती. तरी त्या ती सावकाश वाचत राहिल्या. एक हात कठड्यावर, दुसरा गळ्याखाली दाबलेला. त्यांची मुलगी मालविका दारातून ते बघत होती. आई वाचत नाही, दम खाते आहे, हे तिला कळत होतं. “आई, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या,” हे वाक्य तिच्या ओठांवर आलंही होतं. पण घंटा झाली, आतली मुलं खडखड उठून उभी राहिली आणि वत्सलाबाई पदर सारखा करून आत गेल्या.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी दहावीला आनुवंशिकतेचा धडा आला की वत्सलाबेनना बोलवायचं, हा शाळेचा रिवाज होता. बडोद्यात शिक्षिकेला बेनच म्हणतात. घरात कितीही शुद्ध मराठी बोला, शाळेच्या फाटकात पाऊल टाकलं की वत्सलाबाईंच्या वत्सलाबेन व्हायच्या. आता तेच विज्ञान, त्याच प्रयोगशाळेत, मालविकाबेन शिकवत होत्या. पण हा एक तास आईचा. मुलं त्याला “वत्सलाबेनची लग्नं” म्हणत.

कारण बेन आल्या आल्या लग्नंच लावायच्या. बाकावर शेजारी बसलेल्या दोघांचं लग्न झालं, असं त्या जाहीर करत. मग वर्गात जो काही हशा पिकायचा तो पिकू देत, आणि हसून झालं की प्रत्येक जोडप्यापुढे दोन छोट्या कापडी पिशव्या ठेवत. एक आईची, एक बापाची. प्रत्येक पिशवीत दोन चिंचोके. आईच्या पिशवीतला एक चिंचोका नखांच्या रंगाने लाल केलेला, बाकी तिन्ही साधे. डोळे मिटून दोन्ही पिशव्यांतून एकेक चिंचोका काढायचा. हातात दोन चिंचोके आले की झालं मूल. त्यात लाल असला तर आजार आला, नसला तर सुटलं. मुलाची नोंद फळ्यावर करायची, आणि मग पुढच्या मुलासाठी पुन्हा काढायचं. घरटी दोन मुलं, आणि प्रत्येक जोडप्याने अशी दहा घरं करायची.

“पण त्याआधी काय करायचं?” त्या विचारत.

“चिंचोका परत पिशवीत,” सगळा वर्ग ओरडे.

“का?”

“पिशवीला आठवण नसते.”

त्या दिवशी अ वर्गाचा तास झाला. ब वर्ग राहिला, तो पुढच्या आठवड्यात घेऊ असं त्या म्हणाल्या. ब वर्गात त्यांची नात इरा होती. इराने मधल्या सुट्टीत आजीला गाठलं आणि आमची लग्नं लावताना मला त्या क्षितिजच्या शेजारी बसवू नकोस, त्याच्या मोज्यांना वास येतो, असं बजावलं. मुलीने संसाराला सुरुवातच मोज्यांपासून करावी याचं आजीला फार कौतुक वाटलं. घरी जाताना तिघी कोपऱ्यावर सेव उसळ खायला थांबल्या. वत्सलाबाईंनी रस्सा दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी आत घेताना त्या उंबऱ्यातच खाली बसल्या. रिक्षात शुद्धीवर होत्या. वाडीच्या गल्लीतून बाहेर पडताना त्यांनी रिक्षावाल्याला पाणीगेटवरून नेऊ नका, तिकडे गर्दी असते, एवढं सांगितलं. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. दवाखान्यात तपासण्या झाल्या, नळ्या लागल्या, आणि दुपार व्हायच्या आत सगळं संपलं.

डॉक्टर तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. त्यांनी मालविकाला आणि तिची धाकटी बहीण संपदा हिला आपल्या खोलीत बसवलं. आईच्या हृदयाची भिंत जाड झाली होती, हा आजार बहुधा जन्मानेच येतो, असं सांगितलं आणि विचारलं, घराण्यात आधी कुणी असं अचानक गेलं आहे का.

गेलं होतं. वत्सलाबाईंचे थोरले भाऊ, हिंमतराव. चाळिशीतला धडधाकट माणूस बॅडमिंटन खेळता खेळता कोसळला होता. घराणं सरकारी अंमलदारांचं, संस्थानी राजवटीच्या काळापासून बडोद्यात नावाजलेलं. असल्या घरात दुखण्याची चर्चा होत नसे. ऊन लागलं, असं ठरवून टाकण्यात आलं. बॅडमिंटन छपराखाली चाललं होतं, हे कुणी बोलून दाखवलं नाही. त्याऐवजी एक वेगळीच चाल घरात पडली. दर वर्षी हिंमतमामांच्या तिथीला पान वाढून झालं की घरातली वडीलधारी बाई पानापुढे हात जोडून म्हणे, “हिंमत, घराण्याचं होतं ते तू घेऊन गेलास. आता इथे कुणाकडे बघू नकोस.” आधी मालविकाची आजी म्हणत असे. तिच्यामागे वत्सलाबाई म्हणू लागल्या. म्हणताना किंचित हसायच्या, विज्ञानाच्या शिक्षिकेला शोभेल असं. पण एक वर्षही चुकवलं नाही.

दवाखान्यातल्या त्या खोलीत बसल्यावर मालविकाला पहिल्यांदा लख्ख दिसलं की आई नुसतं म्हणत नव्हती, ती ते मानतही होती. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना पिशवीला आठवण नसते हे शिकवलं, आणि स्वतःच्या छातीत धडधड झाली तेव्हा दादाने घराण्याचा वाटा उचललाय या भरवशावर निवांत राहिली.

डॉक्टरांनी पुढचं नीट समजावलं. दोघी बहिणींनी तपासून घ्यावं, प्रत्येकीला निम्मी शक्यता आहे. मुलं कोणाला आहेत, असं त्यांनी विचारलं. संपदाला मूल नव्हतं. मालविकाला इरा होती. इरा पोहते हे कळल्यावर डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. नुसती पोहते की स्पर्धेत उतरते? उतरत असेल तर मालविकाची तपासणी होईपर्यंत ते थांबवा. तुमच्यात नसेल तर तिच्यात यायचा प्रश्नच नाही, मग खुशाल पोहू दे. असेल तर तिचीही तपासणी करू. तोवर थांबवलेलं बरं.

मालविकाने मान हलवली. घरी आली आणि इराला काहीच सांगितलं नाही.

आधी दिवसकार्य होतं, तेव्हा कसं सांगणार. ते आटोपलं तेव्हा नवरात्र तोंडावर आलं, आणि घरातलं माणूस गेल्यामुळे इराचा गरबा बंद. अख्खं बडोदं रात्री मैदानावर असताना पोरगी घरात बसणार, तिला आजीनंतर पाणी तेवढंच उरलंय, तेही कसं काढून घेणार. नवरा ध्रुव नोकरीमुळे दहेजला राहायचा, शनिवारी यायचा. त्याला तिने डॉक्टर सगळ्यांनी एकदा तपासून घ्या म्हणतात एवढंच मोघम सांगितलं. घेऊ की सावकाश, असं तोही म्हणाला. मालविका वाचणारी बाई होती, स्वतःला फसवण्याचे सगळे प्रकार तिला ओळखीचे होते, आणि ते ओळखूनही ती एकेक वापरत होती.

संपदा मात्र लगेच तपासून आली. तिचा निकाल आला तेव्हा तिने फोनवर आधी विनोद केला. “ताई, घरात पहिला नंबर नेहमी तुझाच यायचा ना? या खेपेला माझा आला.” गोळ्या सुरू झाल्यात, वर्षातून दोनदा दाखवायचं, जड उचलायचं नाही, हे सगळं सांगून शेवटी संपदाने विचारलं, तू कधी जाते आहेस. मुलांच्या परीक्षा झाल्या की, असं मालविका म्हणाली.

त्या रविवारी प्रेमलामावशी भेटायला आल्या. वत्सलाबाईंची ही धाकटी बहीण. त्यांनीही तपासून घेतलं नव्हतं आणि घेणारही नव्हत्या. हिंमतदादाने सगळं नेलं हा हिशेब वत्सलाबाईंच्या जाण्याने कोलमडला होता, पण मावशींनी त्याची नव्याने जुळणी केली होती. आम्हा तिघांत दोघांना आलं, मी राहिले. तुम्हा दोघींत संपदाला आलं, मग तू राहिलीस. “निम्मं म्हणजे दोघींत एक. झालं की बाई. आणखी कशाला सुया टोचून घेतेस?”

मालविकाने आत जाऊन चहा टाकला. मावशींचं गणित कुठे चुकतं ते तिला दहावीच्या कोणत्याही मुलाला समजावून सांगता आलं असतं. पण चहा उकळत असताना छातीवरचा भार हलका झाल्यासारखा वाटला, हे खरं. त्या रात्री ती पहिल्यांदा स्वस्थ झोपली. त्यानंतर रोज सकाळी उठली की ती ते वाक्य मनात एकदा म्हणून घ्यायची. संपदाला आलं, म्हणजे मी सुटले. मी सुटले, म्हणजे इरा सुटली.

इराची राज्य पातळीची निवडचाचणी येत्या रविवारी होती.

आणि ब वर्गाचा तास राहिला होता.

तो आणखी लांबवता आला नसता. शुक्रवारी मालविकाने कपाटातून पिशव्या काढल्या. आईने अ वर्गानंतर त्या नीट मोजून, नाड्या बांधून ठेवल्या होत्या. मुलं नेहमीपेक्षा शांत होती. वत्सलाबेन का नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि इरा तिसऱ्या बाकावर बसली होती. मालविकाने लग्नं लावली. इराच्या शेजारी मोहना बसली होती, तेव्हा त्या दोघींचंच लागलं. थोडं हसू फुटलं. शाळेत इरा तिला बाकीच्यांसारखं बेनच म्हणायची, आणि मालविका तिला नावाने हाक मारायचं टाळायची.

खेळ सुरू झाला. डोळे मिटले जात होते, चिंचोके निघत होते, फळ्यावर खुणा पडत होत्या. मालविका बाकांमधून फिरत होती. इराच्या बाकापाशी तिला उभं राहवेना आणि तिथून हलवेना. मोहनाने बापाच्या पिशवीतून साधा काढला. इराने आईच्या पिशवीत हात घातला, जरा चाचपलं आणि मूठ बाहेर काढली. लाल.

“इरा, गयुं तारुं बाळ,” मागून कुणीतरी म्हणालं. दोन-तीन जण हसले आणि एकदम गप्प झाले. इराने चिंचोका परत टाकला, पिशवी हलवली, पुन्हा काढला. पुन्हा लाल. तिने फळ्याकडे जाऊन दोन्ही खुणा केल्या आणि जागेवर येऊन बसली. आईकडे तिने पाहिलं नाही.

तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून कुशलने हात वर केला. तो आणि क्षितिज, दोघे भलतेच खूश होते. त्यांच्या दहाही घरांत दोन-दोन मुलं, आणि प्रत्येक घरात एक आजारी, एक बरं. “बेन, निम्मं म्हणजे निम्मं. आमचं एकदम परफेक्ट आलंय.”

इतकं परफेक्ट कधी येत नाही. मालविका तिकडे गेली आणि काढून दाखवा म्हणाली. कुशलने आईच्या पिशवीतून लाल काढला, बाकावर ठेवला, पहिलं मूल लिहिलं आणि तसाच दुसऱ्यासाठी हात घातला. पिशवीत एकच चिंचोका उरला होता. साधाच निघणार होता.

“पहिला परत टाकला नाहीस,” ती म्हणाली.

“कशाला टाकू, बेन?” कुशल खरोखरच बुचकळ्यात पडला होता. “एकाला आलं ना. मग ते दुसऱ्याला कुठून येणार?”

मालविका उभी होती तिथेच राहिली. गेले कित्येक दिवस रोज सकाळी ती जे मनात म्हणत होती तेच एक पंधरा वर्षांचा मुलगा चिंचोका हातात धरून, तिच्या तोंडावर म्हणत होता. उत्तर सोपं होतं. तिने ते अनेक तुकड्यांना दिलं होतं. आता सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. खालच्या मैदानात कुणीतरी शिट्टी वाजवली. कुशलला वाटलं आपलं काहीतरी फार मोठं चुकलं. तो सॉरी म्हणाला.

“पिशवीला आठवण नसते,” इरा म्हणाली. उठून उभी न राहता, बसल्या जागेवरून. “पहिल्याला काय मिळालं ते पिशवीला माहीत नसतं. दुसऱ्यासाठी ती पुन्हा पहिल्यासारखीच.”

“बरोबर,” मालविका म्हणाली. एवढंच तिला जमलं.

मग इरा उठली. सगळे विचारतात तसाच हात वर करून, पण डोळे आईवर रोखून. “बेन, एक डाउट आहे. आपल्याला आधीपासून माहीत आहे की आईच्या पिशवीत एक लाल आहे. पण समजा माहीतच नाही. असेल किंवा नसेल. मग मुलांनी काय करायचं? न बघताच काढत राहायचं?”

कुणीतरी कुजबुजलं की हे परीक्षेत येणार नाही. मालविकाने खडू दुसऱ्या हातात घेतला. पुस्तकातलं काहीतरी सांगून वेळ मारून नेणं शक्य होतं. घंटेला फार वेळ नव्हता, आणि इरा बसली असती. बसली असती आणि संध्याकाळी पाण्यात उतरली असती.

“आधी आईची पिशवी उघडून बघायची,” मालविका म्हणाली.

“कोणी?”

“आईने.”

इरा खाली बसली. मालविकाने कुशलच्या पिशवीत चिंचोका स्वतःच्या हाताने टाकला आणि त्या दोघांना सगळी घरं पुन्हा करायला लावली. या खेपेला एका घरात दोन्ही मुलं आजारी निघाली, तेव्हा कुशलचं तोंड उतरलं. घंटा झाली. मुलं गेली. तिने पिशव्या गोळा केल्या, पण मोजल्या नाहीत. संपदाला फोन लावला, लागला नाही. मग डॉक्टरांच्या दवाखान्यात लावला. रक्त कधीही देता येईल, सातपर्यंत चालू असतं, असं तिकडच्या मुलीने गुजरातीत सांगितलं आणि नाव विचारलं. मालविकाने नाव सांगितलं.

तरणतलावावर ती पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. चपला घालूनच ती ओल्या फरशीवर निघाली. दारावरचा माणूस मागून ओरडला, तेव्हा तिने त्या काढून हातात घेतल्या आणि तशीच पुढे गेली. इराचे प्रशिक्षक श्रीकृष्णसर काठावर घड्याळ घेऊन उकिडवे बसले होते. तिला बघून त्यांनी हात वर केला. जरा थांबा बेन, शंभर मीटर चालू आहे, आज पोरगी वाऱ्यासारखी जाते आहे.

इराची निळी टोपी पलीकडच्या भिंतीला लागली, वळली आणि परत निघाली. हात भराभर पडत होते. मालविकाने आजवर कितीतरी वेळा तिला असं बघितलं होतं, अभिमानाने, बाकावर पुस्तक उघडं ठेवून. आज ती पाण्याखालचं बघत होती. छातीच्या त्या चिमुकल्या पिंजऱ्यात काय चाललं असेल. भिंत जाड झाली असेल का. प्रत्येक हाताबरोबर ती श्वास धरत होती आणि इराने तोंड वर काढून हवा घेतली की सोडत होती.

“तिला थांबवा,” ती म्हणाली.

“आता? बेन, रविवारी चाचणी आहे, अजून दोन फेऱ्या...”

“सर, तिला बाहेर काढा.”

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, श्रीकृष्णसरांनी शिट्टी वाजवली. इरा अर्ध्यात थांबली, गॉगल कपाळावर चढवला आणि कोण आलंय ते बघितलं. मग शिडीकडे न जाता सरळ काठाला येऊन हाताच्या जोरावर वर आली आणि आईपुढे उभी राहिली. अंगावरून पाणी निथळत होतं. धाप लागलेली होती. ती रागावली आहे की घाबरली आहे, हे कळत नव्हतं.

“वर्गात मी मुद्दाम विचारलं,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे.”

“प्रेमलाआजी आली होती ना, तेव्हा मी आतल्या खोलीत होते. सगळं ऐकलं.” तिने टोपी ओढून काढली. “मी रोज वाट बघत होते, तू सांगशील म्हणून. नाही सांगितलंस. मग मला वाटलं, प्रेमलाआजी म्हणते तेच खरं असेल. मावशीला आलं, म्हणजे तू सुटलीस. तू सुटलीस ना, आई?”

श्रीकृष्णसर टॉवेल घेऊन येत होते, ते मध्येच थांबले. मालविकाने चपला खाली ठेवल्या. इराचे ओले खांदे दोन्ही हातांनी धरले.

“नाही,” ती म्हणाली. “मी सुटलेले नाही. सुटले की नाही हे मला माहीत नाही, कारण मी बघितलंच नाही. मला भीती वाटते, इरा. आजीला दम लागायचा ते मला दिसत होतं, तेव्हाही मला भीती वाटली आणि मी गप्प बसले. डॉक्टरांनी तुझं पोहणं थांबवायला सांगितलं होतं, तरी मी गप्प बसले. मला फार भीती वाटते. सातपर्यंत दवाखाना उघडा आहे. तू कपडे बदल आणि माझ्याबरोबर चल.”